ओका-चान, सॉरी हं

जपानी माणूस नावापुढे 'चान' लावतो तो लहान मुलांच्या, घरातल्या माणसांच्या, फार तर अगदी जवळच्या मित्रांच्या. पन्नाशी उलटलेल्या, चष्मा लावणाऱ्या, कपाळावर कायम आठी असलेल्या गृहस्थाला भर चौकात कुणी 'बाळ्या' म्हणून हाक मारावी, तसा तो प्रकार. २०१० च्या जूनमध्ये जपानी लोक ट्विटरवर एका माणसाला उद्देशून एकच वाक्य लिहीत सुटले होते : 'ओका-चान, गोमेन ने.' म्हणजे साधारण 'ओका-चान, सॉरी हं.'

हा ओका-चान म्हणजे जपानच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा प्रशिक्षक ताकेशी ओकादा. वय ५३. आणि सॉरी म्हणणारे कोण, तर याला आत्ताच्या आत्ता काढा म्हणून महिनाभरापूर्वी बोंब मारणारेच. साइतामाच्या मैदानावर ज्या रात्री त्याची हुर्यो उडाली, ती तारीख २४ मे. विश्वचषकातून बाहेर पडूनही त्याला डोक्यावर घेतलं गेलं, ती २९ जून. मध्ये ३६ दिवस. हे प्रकरण त्या ३६ दिवसांचं आहे, पण त्याची मुळं तेरा वर्षं मागे जातात. तिथूनच सुरुवात करायला हवी.

डिरेक्टरीत नंबर असलेला माणूस

ओकादा खेळाडू म्हणून वाईट नव्हता. ओसाकाचा जन्म (१९५६), वासेदा विद्यापीठ, मग फुरुकावा इलेक्ट्रिक या कंपनीच्या संघात बचावपटू. देशासाठी २४ सामने, एक गोल. पण तो काळ जपानमध्ये व्यावसायिक लीग सुरू होण्यापूर्वीचा. खेळाडू कंपनीचे नोकरदार असायचे, स्टँड ओस पडलेले असायचे. १९९३ मध्ये जे-लीग सुरू झाली आणि फुटबॉलपटू एका रात्रीत सिनेनटांसारखे झाले, तेव्हा ओकादा बूट खुंटीला टांगून प्रशिक्षकांच्या कळपात शिरला होता. खेळाडू म्हणून मिळवलेलं प्रेम प्रशिक्षकाला वाईट दिवसांत बँकेतल्या ठेवीसारखं वापरता येतं. ओकादाच्या खात्यात अशी ठेवच नव्हती.

ठेव होती ती काझुकडे. काझुयोशी मिउरा. पंधराव्या वर्षी एकटा ब्राझीलला गेलेला, सांतोसकडून खेळून परत आलेला, जे-लीगच्या पहिल्याच हंगामात सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, गोल केल्यावर कॉर्नरच्या झेंड्याजवळ नाचणारा. जपानी फुटबॉलला चेहरा होता तो त्याचाच.

ऑक्टोबर १९९७. फ्रान्स विश्वचषकाची आशियाई पात्रता फेरी. जपान तोवर एकदाही विश्वचषकात खेळलेला नव्हता. कझाकस्तानात अल्माटीला १-१ बरोबरी झाली आणि महासंघाने त्याच दौऱ्यात प्रशिक्षक शु कामो यांना घरी पाठवलं. परदेशात, मोहिमेच्या ऐन मध्यावर, दुसरा माणूस आणायचा कुठून? सहायक हाताशी होताच. ४१ वर्षांच्या ओकादाने तोवर कुठल्याही संघाचं मुख्य प्रशिक्षकपद सांभाळलेलं नव्हतं.

पुढचे दोन सामनेही बरोबरीत गेले. संयुक्त अरब अमिरातीविरुद्धचा सामना टोकियोतच होता. तो संपल्यावर चाहत्यांनी खेळाडूंची वाट अडवली, अंडी फेकली, खुर्च्या फेकल्या. ओकादाच्या घरी धमक्यांचे फोन येऊ लागले. ते का, हे त्याने स्वतःच पुढे अनेकदा सांगितलं आहे. आपण कधी प्रसिद्ध होऊ असं त्याला वाटलंच नव्हतं, म्हणून घरचा नंबर टेलिफोन डिरेक्टरीत छापलेला होता! घरासमोर पोलिसांची गाडी उभी राहू लागली. मुलांना शाळेत एकटं पाठवणं बंद झालं. त्याच्या लोकप्रियतेविषयी कितीही लिहा, तिची सुरुवात ही अशी.

काझु, मिउरा काझु

१६ नोव्हेंबर १९९७, मलेशियातलं जोहोर बाहरू. इराणविरुद्ध निर्णायक सामना. आदल्या रात्री ओकादाने बायकोला फोन केला : उद्या हरलो तर जपानला परतता येणार नाही, काही वर्षं बाहेरच कुठेतरी काढावी लागतील. काही तासांनी मात्र त्याच्या डोक्यात काहीतरी खटकन बदललं म्हणे. माझ्याकडे आहे ते सगळं उद्या देईन. नाहीच जमलं तर लोकांची माफी मागेन. पण त्यापुढे दोष माझा नाही, मला नेमणाऱ्या अध्यक्षांचा! हा किस्सा तो हसत सांगतो. मला मात्र तो पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली वाटतो. लोकांना काय वाटेल याचा हिशेब या माणसाने त्या रात्री बाजूला ठेवला आणि पुन्हा तो फारसा हातात घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा पुरावाच मिळाला. जपान १-२ ने मागे. तासभर खेळ झालेला. बदलीचा फलक वर गेला तेव्हा काझुने स्वतःकडे बोट दाखवलं : मी? होय, तूच. काझु आणि नाकायामा हे दोन्ही आघाडीवीर एकाच वेळी बाहेर. आत आलेल्या शोजी जोने ७६ व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि जादा वेळेत, ११८ व्या मिनिटाला, मासायुकी ओकानोने गोल्डन गोल, म्हणजे होताक्षणी सामना संपवणारा गोल, मारला. जपान पहिल्यांदाच विश्वचषकात. 'ओका-चान' हे लाडकं नाव तेव्हाच घरोघरी पोचलं.

ते टिकलं साडेसहा महिने. २ जून १९९८ रोजी स्वित्झर्लंडमधल्या न्यों इथे अंतिम २२ खेळाडू जाहीर करायचे होते आणि सोबत नेले होते २५. ओकादाने पत्रकारांसमोर वगळलेली नावं सपाट आवाजात वाचली. इचिकावा, काझु, मिउरा काझु, आणि किताझावा. ते 'काझु, मिउरा काझु' अजूनही जपानी माणसाच्या कानात आहे. ज्याने देशाला विश्वचषकाची स्वप्नं पाहायला शिकवलं, त्यालाच दारातून परत पाठवलं. काझु केस रंगवून मायदेशी उतरला आणि आपला अभिमान, आपला आत्मा तिकडेच ठेवून आलोय असं म्हणाला. अशा वाक्यापुढे कुठल्या प्रशिक्षकाचं तर्कशास्त्र टिकणार?

बरं, तर्क तसा वाईट नव्हता. पात्रता फेरीच्या सुरुवातीला उझबेकिस्तानविरुद्ध चार गोल मारलेला काझु नंतर आटला होता, हे आकडे पाहणाऱ्या कुणालाही दिसत होतं. पण फ्रान्समध्ये निकाल काय लागले? अर्जेंटिनाकडून ०-१, क्रोएशियाकडून ०-१, जमैकाकडून १-२. ओकादाने आधी बोलून दाखवलेलं लक्ष्य होतं एक विजय, एक बरोबरी, एक पराभव. हाती आले तीन पराभव. नारिता विमानतळावर एका चाहत्याने पाणी फेकलं ते शोजी जोच्या अंगावर. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच की काझुच्या जागी तो होता. ओकादाने राजीनामा दिला.

मधली वर्षं

ती थोडक्यात. साप्पोरोच्या संघाला त्याने २००० साली दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवून वर आणलं. योकोहामा एफ. मारिनोसला २००३ आणि २००४, लागोपाठ दोन वर्षं लीग जिंकून दिली. प्रशिक्षक म्हणून त्याच्याविषयी शंका घ्यायला आता जागा नव्हती. पण ही कमाई क्लबांच्या चाहत्यांत राहिली. राष्ट्रीय संघ आणि ओकादा म्हटलं की सामान्य माणसाला आठवायचं ते न्योंच.

नोव्हेंबर २००७ मध्ये राष्ट्रीय प्रशिक्षक इव्हिचा ओसिम यांना मेंदूचा झटका आला. ओसिम म्हणजे साराजेव्होचे शहाणे म्हातारे. त्यांची कोड्यात बोललेली वाक्यं जपानी लोक सुभाषितांसारखी पाठ करत. संघ त्यांच्या हाताखाली कुठे आकार घेतोय असं वाटत असतानाच हे झालं, आणि महासंघाने पुन्हा ओकादाला हाक मारली. दोन्ही वेळा तो दुसऱ्याच्या खुर्चीत बसला. पहिल्यांदा हाकललेल्याच्या, दुसऱ्यांदा लाडक्या आजारी माणसाच्या. यातली दुसरी जागा जास्त अवघड असते, कारण आजारी माणूस हरत नाही.

छत्तीस दिवस

पात्रता फेरी त्याने जून २००९ मध्ये ताश्कंदला आटोपली आणि जाहीर करून टाकलं की दक्षिण आफ्रिकेत लक्ष्य उपांत्य फेरी. पहिल्या चारांत जपान! लोक हसले. ही घोषणा खेळाडूंना जागं करण्यासाठी होती असं त्याचं म्हणणं. तरी जाहीर बोललेला आकडा घरभर फिरतो आणि संध्याकाळी तुमच्याच दारात येऊन उभा राहतो.

खेळाची कल्पनाही मोठी होती. वासेदाच्या रग्बी परंपरेतून त्याने एक सूत्र उचललं होतं : सेक्किन, तेनकाई, रेन्झोकु. जवळ या, पसरवा, सलग चालू ठेवा. आखूड पास, चेंडू गेला की लगेच घोळका करून परत मिळवायचा, आणि सगळ्याच्या केंद्रस्थानी शुन्सुके नाकामुरा. स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबाकडून खेळताना मँचेस्टर युनायटेडला फ्री किकवर चीत करणारा, डाव्या पायात जादू असलेला हा माणूस काझुनंतर जपानचा सर्वात लाडका फुटबॉलपटू होता.

२०१० उजाडलं आणि इमारत ढासळू लागली. १४ फेब्रुवारीला टोकियोत दक्षिण कोरियाकडून १-३. ७ एप्रिलला ओसाकात, ओकादाच्या जन्मगावी, सर्बियाकडून ०-३, आणि तीही त्यांच्या देशांतर्गत खेळाडूंचीच फळी. मग २४ मे, साइतामा. विश्वचषकाला निघण्यापूर्वीचा निरोपाचा सामना, समोर पुन्हा कोरिया. सहाव्याच मिनिटाला पार्क जी-सुंगने गोल केला आणि स्टँडमधली निळी गर्दी गप्प झाली. शेवटी ०-२. सामन्यानंतर ओकादाने महासंघाचे अध्यक्ष मोतोआकी इनुकाई यांना विचारलं, मी राहावं का? ते म्हणाले, राहा. ही गोष्ट त्याने स्वतःच पत्रकारांना सांगितली, नंतर सारवासारव केली, आणि व्हायचं ते हसं झालंच. विश्वचषकाला तीन आठवडे उरले असताना सेनापती विचारतोय, मी जाऊ का घरी!

इथून पुढे काय घडलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे, कारण बाहेरून सगळं संपल्यासारखं दिसत असताना आत तीन-चार निर्णय झाले.

पहिला निर्णय माणसांचा. तेवीस जणांच्या यादीत ओकादाने तिसरा गोलरक्षक म्हणून योशिकात्सु कावागुचीला घेतलं होतं. पाय मोडून बराच काळ मैदानाबाहेर राहिलेला हा ३४ वर्षांचा गडी सामन्यात उतरणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला नेलं ते खोलीतल्या वातावरणासाठी, १९९८ पासूनचे सगळे घाव माहीत असलेला माणूस म्हणून. स्वित्झर्लंडमधल्या सास-फे इथल्या उंचावरच्या सराव शिबिरात त्याच कावागुचीच्या पुढाकाराने खेळाडूंची आपसातली बैठक झाली. तुलिओ तानाका हा ब्राझीलमध्ये जन्मलेला बचावपटू तिथे जे बोलला त्याचा मथितार्थ असा : आपण कच्चे आहोत, तर कच्च्या माणसांनी चिखलात लोळून खेळावं तसं खेळू. वासेदाचं सूत्र त्या खोलीतच बाजूला पडलं. ओकादाला ते मान्य करायला फार वेळ लागला नाही, ही त्याची तारीफ.

दुसरा निर्णय फळीचा. बचावासमोर युकी आबेला एकट्याने राखणीला बसवलं. गोलात अनुभवी नाराझाकीऐवजी एइजी कावाशिमा. कर्णधारपद नाकाझावाकडून काढून २६ वर्षांच्या माकोतो हासेबेकडे. मुख्य आघाडीवीर ओकाझाकी बाकावर, आणि पुढे एकटा केइसुके होंडा, जो मुळात आघाडीवीर नव्हताच.

तिसरा निर्णय या प्रकरणाचा गाभा. शुन्सुके नाकामुरा बाहेर. घोट्याच्या दुखण्याने तो लय हरवून बसला होता, पण त्याच्याभोवती तर अख्खा संघ बांधलेला होता. म्हणजे बारा वर्षांनी, पुन्हा विश्वचषकाच्या तोंडावर, पुन्हा स्वित्झर्लंडच्याच मुक्कामाच्या आसपास, त्याच माणसाने पुन्हा एकदा देशाच्या सर्वात लाडक्या खेळाडूला बाजूला केलं. फरक एवढाच की या वेळी त्याला घरी पाठवलं नाही, बाकावर ठेवलं.

या नव्या मांडणीतही निकाल पराभवाचेच होते. ३० मे रोजी ऑस्ट्रियात ग्राझला इंग्लंडविरुद्ध तुलिओने सातव्या मिनिटाला गोल केला, कावाशिमाने लॅम्पार्डची पेनल्टी अडवली, आणि मग तुलिओ व नाकाझावा या दोघांनी स्वतःच्याच जाळ्यात चेंडू घालून सामना १-२ असा घालवला. असला पराभव वाट्याला यायलाही नशीब लागतं. ४ जूनला आयव्हरी कोस्टकडून ०-२. लागोपाठ चार पराभव. जपानी वर्तमानपत्रांत आता राग नव्हता, कंटाळा होता. मला वाटतं ओकादाच्या पथ्यावर पडलं ते हेच. पण त्याविषयी पुढे.

१४ जून, ब्लूमफाँटेन, समोर कॅमेरून. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, जपानमध्ये रात्रीचे अकरा. आदल्याच दिवशी २४ वर्षांचा झालेला होंडा. ३९ व्या मिनिटाला उजवीकडून मात्सुईने चेंडू उंचावून टाकला, दूरच्या खांबाजवळ होंडाने तो डाव्या पायावर घेतला आणि ढकलला. १-०. उरलेला वेळ जपानच्या निळ्या भिंतीने कॅमेरूनचा नामांकित आघाडीवीर एतो याला डोकं वर काढू दिलं नाही. परदेशी भूमीवर जपानचा विश्वचषकातला पहिला विजय. सामना सुंदर नव्हता, खरं सांगायचं तर कंटाळवाणाच होता, पण त्या रात्री टोकियोत शिबुयाच्या चौकात जमलेल्या पोरांना ते सांगून उपयोग नव्हता.

नेदरलँड्सकडून ०-१ पराभव झाला, स्नायडरचा गोल. याच सामन्यात नाकामुरा तासाभराच्या खेळानंतर आत आला. त्या स्पर्धेतली त्याची हजेरी तेवढीच. मग २४ जून, रुस्टेनबर्ग, डेन्मार्क. आपल्याकडे मध्यरात्र, जपानमध्ये पहाटेचे साडेतीन. नोकरदारांचा देश गजर लावून उठला होता. १७ व्या मिनिटाला होंडाची फ्री किक, ३० व्या मिनिटाला एंदोची फ्री किक. एकीचा चेंडू गोलरक्षकाला चकवत वाकडा गेला, दुसरीचा भिंतीला वळसा घालून. शेवटी होंडाने डॅनिश बचाव मोडून चेंडू ओकाझाकीपुढे ठेवला, ३-१. हा विजय कंटाळवाणा मुळीच नव्हता. या सामन्यांच्या रात्री आणि पहाटेच 'ओका-चान, गोमेन ने' हे वाक्य वणव्यासारखं पसरलं.

२९ जूनला प्रिटोरियात पॅराग्वेविरुद्ध १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही. पेनल्टींमध्ये जपानची तिसरी घ्यायला युइची कोमानो आला. चेंडू आडव्या दांडीवर आदळून वर गेला. पॅराग्वेच्या पाचही आत. ३-५. चारही सामन्यांत ओकादाने सुरुवातीचे अकरा तेच ठेवले होते, एकही बदल नाही. संघ कान्साई विमानतळावर उतरला तेव्हा हजारो लोक जमले होते. कुणी पाणी फेकलं नाही. कोमानोवरही नाही.

काय बदललं

सरळ उत्तर : निकाल. पण ते पुरत नाही. पुन्हा आकडे पाहा. १९९८ मध्ये ओकादाने स्वतः ठरवलेलं लक्ष्य हुकलं, आणि २०१० मध्येही हुकलंच. उपांत्य फेरी म्हणाला होता, शेवटच्या सोळांत थांबला. त्याच्याच फूटपट्टीने मोजलं तर दोन्ही वेळा नापास. मग एकदा शिव्या आणि एकदा माफी, असं का?

कारण लोकांनी त्याची फूटपट्टी वापरलीच नाही. १९९८ मध्ये जपान पहिल्यांदा जात होता, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याच्या आशा अमाप असतात. २०१० मध्ये चार पराभवांनी आशा इतक्या खाली आणून ठेवल्या होत्या की तिन्ही सामने हरून परत येतील हेच सर्वांनी गृहीत धरलेलं होतं. राग कंटाळ्यात बदलला होता असं मी वर म्हटलं ते यासाठी. रागावलेला माणूस अजून काहीतरी मागत असतो, कंटाळलेल्याने मागणं सोडलेलं असतं. त्याला एक गोल मिळाला तरी तो वरकमाई. ओकादाची जितकी टर उडवली गेली, तितकीच पुढे माफी मागायला जागा तयार झाली. चाहत्यांनी स्वतःच खड्डा खणला होता, त्यामुळे उडी मोठी दिसली.

आणि दुसरं, जे मला जास्त खटकतं. काझुला वगळणं आणि नाकामुराला बसवणं हा एकाच हाताचा, एकाच विचाराचा निर्णय होता. एकाला क्रौर्य म्हटलं गेलं, दुसऱ्याला धाडस. मध्ये उभा आहे तो होंडाचा ३९ व्या मिनिटाचा डावा पाय. मात्सुईचा चेंडू वीतभर पुढे पडला असता तर आज नाकामुरा हे नाव 'मिउरा काझु' सारखंच उच्चारलं गेलं असतं. २०१० मध्ये सॉरी म्हणणाऱ्या कुणी १९९८ बद्दलही सॉरी म्हटलं का? तसं दिसत नाही. काझुची जखम वेगळ्या खात्यात जमा राहिली. काझु स्वतः पन्नाशी ओलांडूनही खेळत राहिला, त्यामुळे ती विसरायलाही कुणाला सवड मिळाली नाही.

मराठी वाचकाला हे अनोळखी वाटू नये. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड जिंकून आलेल्या अजित वाडेकरांची मुंबईत मिरवणूक निघाली. इंदूरला विजयाची खूण म्हणून सिमेंटची अवाढव्य बॅट उभी राहिली. तीन वर्षांनी लॉर्ड्सवर ४२ धावांत डाव संपला, मालिका ०-३ गेली आणि त्याच वाडेकरांच्या घरावर दगड पडले, इंदूरची बॅट विद्रूप झाली. वाडेकर पुढे नव्वदच्या दशकात संघाचे व्यवस्थापक म्हणून परतले आणि देशातल्या मैदानांवर विजयांची रांग लागली, तेव्हा त्यांची कुणी जाहीर माफी मागितल्याचं माझ्या वाचनात नाही. आपल्याकडे तेव्हा ट्विटर नव्हतं, हे कारण असू शकेल. किंवा आपल्याला सॉरी म्हणायची सवय नाही, हेही.

अर्थात ट्विटरवरची माफी किती टिकाऊ, हे जपानने २०२२ मध्ये दाखवलंच. तेव्हाचा राष्ट्रीय प्रशिक्षक हाजिमे मोरियासु, हाही माजी खेळाडू, १९९३ मध्ये दोहात जपानचा विश्वचषक हुकला त्या रात्री मैदानावर असलेला. जर्मनीला हरवलं तेव्हा तो देवमाणूस, चार दिवसांनी कोस्टारिकाकडून हरला तेव्हा हाकला त्याला, आणखी चार दिवसांनी स्पेनला हरवल्यावर पुन्हा देवमाणूस. ओकादाला ३६ दिवस लागले होते, मोरियासुचं चक्र आठवड्याभरात फिरलं.

इमाबारी

ओकादाने पद सोडलं. आता ऊन असेल तेव्हा शेती, पाऊस असेल तेव्हा वाचन, असं काहीसं तो म्हणाला. तेव्हा त्याच्या नावावर काहीही विकलं गेलं असतं. दोन हंगाम तो चीनमध्ये हांगझोऊच्या क्लबाला शिकवून आला, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याने असं काही केलं की लोक चक्रावले. शिकोकु बेटावरच्या इमाबारी गावातल्या छोट्या क्लबाचे ५१ टक्के शेअर घेऊन तो मालक झाला. इमाबारी म्हणजे टॉवेल आणि जहाजबांधणीचं गाव, वस्ती दीड लाखाच्या आसपास. एफसी इमाबारी तेव्हा शिकोकुच्या प्रादेशिक लीगमध्ये खेळायचा, राष्ट्रीय पातळीच्याही खाली.

लोकप्रियता कुठे चालते आणि कुठे नाही, हे इथे लख्ख दिसलं. टोकियोतल्या मोठ्या कंपन्यांचे दरवाजे ओकादा या नावाला उघडत होते, प्रायोजक मिळत होते. पण गावात काही हलेना. विश्वचषकाचा प्रशिक्षक आलाय म्हणून लोक पाहायचे, नमस्कार करायचे, आणि सामन्याला यायचे नाहीत. हे असं का होतंय याचा विचार करताना त्याच्या लक्षात आलं की आपण आणि आपली माणसं मध्यरात्रीपर्यंत कार्यालयात काम करतो, गावात आपली ओळखच नाही. लोकांनी आपल्याकडे यावं असं वाटतं, पण आपण तरी कुठे त्यांच्याकडे गेलोय? मग त्याने सगळ्यांना काम सांगितलं : प्रत्येकाने गावात पाच मित्र करायचे. त्यानेही केले. क्लबची माणसं म्हाताऱ्या रहिवाशांच्या घरी जाऊन किरकोळ कामं करू लागली.

साठीकडे झुकलेला, अख्ख्या देशाने 'चान' म्हणून कवटाळलेला हा माणूस, आणि गावात पाच मित्र मोजून जोडतोय. मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात आवडतं चित्र हे आहे, कान्साई विमानतळ नाही.

पुढचं हळूहळू झालं. २०१७ मध्ये क्लब जेएफएल या राष्ट्रीय हौशी लीगमध्ये, २०२० मध्ये जे-३ म्हणजे व्यावसायिक तिसऱ्या श्रेणीत, २०२५ मध्ये जे-२ मध्ये. मधल्या वर्षांत निकाल अडले, प्रशिक्षक बदलले. ज्याला स्वतःला काढा म्हणून घोषणा ऐकाव्या लागल्या, त्याला आता दुसऱ्यांना काढायची वेळ आली. २०२३ च्या सुरुवातीला सुमारे पाच हजार प्रेक्षकांचं सातोयामा स्टेडियम खाजगी पैशातून उभं राहिलं. एप्रिल २०२४ मध्ये क्लबच्या नावाची उच्च माध्यमिक शाळा सुरू झाली आणि तिची धुरा ओकादानेच घेतली. चेंडू लाथाडण्यापेक्षा आपलं आपण ठरवायला शिकवणं हा तिथला मुख्य विषय. जपानी खेळाडू सांगितलेलं उत्तम करतो आणि न सांगितलेल्या जागी अडतो, ही त्याची जुनी तक्रार आहे.

आणि २०१९ च्या हंगामाआधी क्लबने एक बचावपटू घेतला. वय ३७, उजवी बगल सांभाळणारा, राष्ट्रीय संघाकडून दोन विश्वचषक पाहिलेला. पहिल्या श्रेणीतले दिवस संपले होते, तरी त्याला खेळायचं होतं. इमाबारीच्या निळ्या-पिवळ्या पोशाखात तो चार हंगाम खेळला, संघाबरोबर वरच्या श्रेणीत गेला आणि २०२२ च्या अखेरीस तिथूनच निवृत्त झाला. युइची कोमानो. प्रिटोरियात आडव्या दांडीवर चेंडू मारणारा.